टकल्या चेंडूंचे माप

कवळीबाई हे नाव तिला नणंदेने दिले. लग्नाआधी ती पहिल्यांदा या घरी आली, तेव्हा होणाऱ्या नवऱ्याची थोरली बहीण दारातच उभी होती. काखेत रॅकेट, पायांत लाल मातीने माखलेले बूट आणि चेहऱ्यावर, समोरचा माणूस चेंडू कुठे मारणार हे आपल्याला आधीच कळले आहे असा भाव.

"तू काय करतेस म्हणे?"

"दातांच्या प्रयोगशाळेत आहे. कवळ्या करते."

"म्हणजे डॉक्टर?"

"नाही. डॉक्टर तोंडात बघतात. माझ्याकडे नुसतं माप येतं. त्यावरून मी दात करते."

"न बघितलेल्या माणसाचे?"

"हो."

"आणि ते बसतात?"

"बहुतेक बसतात."

"मग आत ये, कवळीबाई. आमच्या भावाचंही माप घे. तो अजून कुठेच नीट बसलेला नाही."

त्या दिवशी पडलेले नाव पुढे घरात, शेजारात आणि अखेरीस प्रयोगशाळेच्या मालकाच्या तोंडीही रुळले. तिला त्याचा राग आला नाही. नणंदेला ती रीतीप्रमाणे 'वन्सं' म्हणे. वन्संच्या टोमण्यांचे तिने मनाशी दोन गट पाडले होते: एक लागण्यासाठी मारलेले आणि दुसरे समोरच्याला खेळात ओढण्यासाठी मारलेले. कवळीबाईच्या वाट्याला जवळजवळ सगळे दुसऱ्या गटातलेच येत.

वन्संनी लग्न केले नाही. पाण्याच्या टाकीपलीकडे, तारेच्या उंच कुंपणाआड एक सार्वजनिक टेनिस कोर्ट होते. त्यावर त्यांनी आयुष्यभर शिकवले. शिकवण्याची त्यांची रीत जुनी आणि सरळ होती. चाकांच्या गाड्यात शेकडो चेंडू भरायचे, जाळ्याच्या पलीकडच्या बाजूला गाडा शेजारी घेऊन उभे राहायचे आणि शिकणाऱ्याकडे एकामागून एक चेंडू टाकत राहायचे. उजवीकडे, डावीकडे, आखूड, लांब. चेंडू टाकणे हीच त्यांची बोली होती. शब्द त्यांना मुख्यतः ओरडण्यासाठी लागत. अशा तऱ्हेने एका हाताने इतक्या वर्षांत किती चेंडू टाकले असतील याची गणती कुणी केली नव्हती. ती अखेरीस खांद्यानेच केली. आतला स्नायू फाटला, शस्त्रक्रिया झाली, आणि एका हाताने स्वतःचे करता येईना म्हणून वन्सं आपली खोली बंद करून काही महिन्यांसाठी भावाकडे राहायला आल्या.

टाके काढताना डॉक्टरांनी सांगितले की केस विंचरता येतील, भांडे उचलता येईल. दिवसभर चेंडू टाकणे मात्र संपले.

"थोडे टाकले तर?"

"एखाद-दुसरा. नातवंडांशी खेळण्यापुरता."

"नातवंडं नाहीत मला," वन्सं म्हणाल्या, "बस चालवणारे आहेत, पोस्टातले आहेत, एक न्हावी आहे. एखाद-दुसऱ्या चेंडूवर त्यांचं भागत नाही."

त्यानंतर त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या त्या बसल्याच. आणि शिकवण्याची सवय काही खांद्यात नसते. कवळीबाई कांदा चिरू लागली की मागून आवाज येई, "मनगट सैल सोड, कोपर आत!" ती ओट्याकडून मोरीकडे वळली की, "दोन पावलांत होतंय ते तू चार पावलांत करतेस." नवरा चहाचा कप घेऊन बसला की त्याच्या पाठीच्या कण्यावर भाष्य होई. तो बिचारा छापखान्यात मुद्रितशोधक होता. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून घरी यायचा आणि घरी स्वतःच मुद्रित होऊन बसायचा.

हे सारे सोसण्यासारखे होते. न सोसण्यासारखे निराळेच होते. कोर्टाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनी निरोप पाठवला होता की पुढचा वर्ग बाई घेणार असतील तर उत्तम, नसतील तर महिनाअखेरीच्या शनिवारी किल्ली रखवालदाराकडे द्यावी. दुसरे कुणीतरी बघू. वन्संनी डाव्या हाताने टाकून बघितले होते. चेंडू भलतीकडेच गेले आणि शिकणाऱ्यांनी ते अतिशय अदबीने धावून आणून दिले. त्या अदबीनेच त्यांचा निकाल लावला. किल्ली द्यायची असे त्यांनी ठरवले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. फक्त एका दुपारी त्यांनी आपले बूट साबणाने घासून पांढरे केले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि भावाला माळ्यावर टाकायला सांगितले. कवळीबाईने ते बूट माती नसलेले कधी पाहिलेच नव्हते.

तिच्या मनात दोन इच्छा होत्या आणि त्या एकमेकींना बिलगूनच होत्या, हे सांगायला हवे. एक, वन्संनी कोर्टावर परत जावे. दुसरी, तिचे स्वयंपाकघर तिला परत मिळावे.

एका संध्याकाळी ड्रायव्हरसाहेब तब्येतीची चौकशी करायला आले. हे बसचालक म्हणून निवृत्त झालेले, पोट सुटलेले, गोड बोलणारे गृहस्थ. साठी उलटल्यावर टेनिस शिकू लागलेले. ते हसले आणि चहा ओतता ओतता कवळीबाईने आपले काम ओळखले. तिच्या प्रत्येक कवळीत पुढच्या चारांपैकी कडेचा एक दात किंचित वळलेला असे. दात फार सरळ लावले की बघणाऱ्याला ते खोटे आहेत हे लांबूनच कळते. म्हणून ती मुद्दाम एवढी खोड ठेवी.

"मी भिंतीवर खेळून बघितलं, बाई," ड्रायव्हरसाहेब वन्संना म्हणाले, "पण भिंत काही बोलत नाही हो. चुकलं तरी गप्प, बरोबर आलं तरी गप्प."

"मोठ्या क्लबात जा. तिथे पुष्कळ बोलतात."

"तिथे तर यंत्र आहे म्हणे. चेंडू टाकतं."

"यंत्राकडून शिकायचं असेल तर वॉशिंग मशीनसमोर उभे राहा," वन्सं म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

कवळीबाईच्या हातातली किटली मात्र क्षणभर कपावर तशीच थांबली.

चेंडू फेकणारे यंत्र कसे असते हे तिने चार ठिकाणी विचारून, चित्रे बघून समजून घेतले, आणि समजल्यावर तिला हसू आले, कारण ते तिला लहानपणापासून ठाऊक होते. लिंबाची ओली बी दोन बोटांत दाबली की सुळकन उडते, तसेच. बोटांच्या जागी उलटसुलट फिरणारी दोन चाके, त्यांच्यात चेंडूपेक्षा थोडी अरुंद फट; चेंडू फटीत शिरतो, चेपतो आणि चाकांच्या वेगाने पलीकडे सुटतो. कवळ्यांना झिलई देणाऱ्या दोन जुन्या मोटारी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत पडून होत्या. त्या मालकाने दिल्या, खोलीही वापरू दिली. चाके एका मोडक्या सामानगाडीची निघाली. चेंडू घरंगळत यायला सांडपाण्याच्या पाइपाचा तुकडा, वर चेंडू साठवायला कपड्यांची बास्केट. यंत्र ठेवायला, उंची कमीजास्त करता येईल असा घोडा मात्र कुठे मिळेना. मग तोही सापडला.

"माझं इस्त्रीचं टेबल कुठंय?" नवऱ्याने सकाळी विचारले.

"त्याची बदली झाली."

"कुठे?"

"प्रयोगशाळेत. बढतीवर."

"आणि माझे शर्ट?"

"बिनइस्त्रीचे घाला. छापखान्यात शर्टाकडे कोण बघतंय?"

त्याने कामाचे कारण विचारले, तिने सांगितले. त्याने बहिणीला यातले अक्षर कळू द्यायचे नाही असे कबूल केले आणि चुरगळलेला शर्ट घालून निमूटपणे कामावर गेला. वन्संना एवढेच सांगण्यात आले की प्रयोगशाळेत काम वाढले आहे.

"लोकांचे दात एकदम पडायला लागले की काय?"

"हवा बदललीय, वन्सं."

आता चाकांचा प्रश्न होता. साध्या चाकातून चेंडू निसटत होता, वाकडा सुटत होता. इथे कवळीबाईने आपल्या धंद्याचे डोके चालवले. तिने दुकानातून एक नवा कोरा चेंडू आणला, पिवळाधमक, अंगभर लव असलेला, आणि हिरड्यांचे माप घेतात त्याच मसाल्यात तो अर्धा बुडवून त्याचे माप घेतले. मापात प्लास्टर ओतले. त्या प्लास्टरच्या चेंडूवरून मेणाची खोलगट पट्टी केली, आणि मेणाच्या जागी, दुखऱ्या हिरड्यांसाठी कवळीला आतून लावतात ते मऊ अस्तर चाकांच्या कडेवर चढवले. चाकांना चेंडूच्या गोलाईची, बोटाला गुलगुलीत लागणारी खाच आली. अस्तर अर्थातच गुलाबी होते. इस्त्रीच्या टेबलावर आडवे पडलेले ते यंत्र आता एखाद्या अतिशय आज्ञाधारक प्राण्यासारखे हिरड्या दाखवून हसू लागले.

पहिली चाचणी प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात झाली. नवरा उशी पोटाशी धरून टोकाला उभा राहिला. नवा चेंडू घरंगळला, 'फट्' असा समाधानी आवाज झाला आणि उशीच्या जरा वर येऊन बसला. तोच पुन्हा टाकला, पुन्हा तिथेच. दुसऱ्या नव्या चेंडूनेही तीच जागा धरली.

"शुद्धिपत्र," नवरा छाती चोळत म्हणाला, "‘पोट’ या शब्दाच्या जागी ‘छाती’ असे वाचावे."

कवळीबाईला इतका आनंद झाला की त्याला लागले आहे का हे विचारायचे राहून गेले.

वन्संना कोर्टावर न्यायला ड्रायव्हरसाहेबांचे निमित्त केले. ती सकाळ स्वच्छ होती. रखवालदाराच्या खोपटातून लांब तार ओढून यंत्राला वीज दिली. वन्सं खांद्यावरून शाल घेऊन बाकावर बसल्या. टेबलाला इस्त्रीचे डाग होते, पाइप सांडपाण्याचा होता, हिरड्या गुलाबी होत्या; हे सगळे त्यांनी शांतपणे पाहिले.

"हे काय आहे?"

"चेंडू टाकतं, वन्सं."

"आणि चावतं का?"

ड्रायव्हरसाहेब पलीकडे रॅकेट धरून, गुडघे वाकवून, फार गंभीर होऊन उभे राहिले. कवळीबाईने वन्संचा तो जुना गाडा उघडला आणि त्यातले चेंडू बास्केटमध्ये ओतले. मोटारी घुमू लागल्या. पहिला चेंडू चाकांमधून बाहेर आला आणि टेबलाच्या पायाशीच पडला. दुसरा कसाबसा जाळ्यापर्यंत सरपटत गेला. तिसरा फटीत अडकून गरगरत राहिला आणि जळक्या रबराचा वास सुटला. चौथा काय खाऊन आला होता कोण जाणे. तो ड्रायव्हरसाहेबांच्या डोक्यावरून, कुंपणावरून, रस्त्यापलीकडे निघून गेला. ड्रायव्हरसाहेबांनी त्याच्याकडे मान वळवून, चुकलेल्या प्रवाशाकडे बघावे तसे पाहिले.

वन्सं हसल्या. कित्येक महिन्यांनी हसल्या; हसता हसता त्यांना खांदा धरावा लागला. मग हसू ओसरले. त्या उठल्या आणि जमिनीवरचा एक चेंडू उचलून कवळीबाईला दाखवू लागल्या. त्यावर लव नावालाही उरली नव्हती. नुसते राखाडी, गुळगुळीत टक्कल.

"हे माझे चेंडू. कित्येक वर्षांचे आहेत. एखादा मऊ पडलाय, एखादा दगड झालाय, हा तर आतून ओला आहे. मी उचलला की हाताला कळायचं, याला किती जोर द्यायचा. तुझं यंत्र नव्या चेंडूंसाठी आहे."

"मी अजून थोडं..."

"तू खूप केलंस. मला कळतंय ते. शनिवारी मी किल्ली देऊन टाकते. आपण घरी जाऊ या."

या बोलण्यात एकही टोमणा नव्हता. कवळीबाईला तेच सर्वांत जास्त लागले.

नंतरचे दोन-तीन दिवस तिने स्वतःशी बोलणे टाकले होते. यंत्र फसल्याचे तिला दुःख नव्हते. मोटारी जळतात, कवळ्या मोडतात, ती माणसाळलेली दुःखे होती. तिला लाज वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. तिच्या धंद्यात नवशिक्याला पहिल्या दिवशी जे सांगतात तेच ती विसरली होती: ज्याच्या तोंडात बसवायचे, माप त्याच्याच तोंडाचे घ्यायचे. दुकानातल्या कोऱ्या, निरोगी, कुणाच्याही नसलेल्या चेंडूचे माप घेऊन तिने वन्संच्या चेंडूंसाठी यंत्र केले होते. अशी कवळी एखाद्या हाताखालच्या माणसाने केली असती तर तिने ती त्याच्यासमोर ठेवून फक्त त्याच्याकडे बघितले असते, आणि ते पुरले असते.

तिने ड्रायव्हरसाहेबांकडून पिशवीभर टकले चेंडू मागवले आणि प्रयोगशाळेत कामाच्या टेबलावर मांडून एकेक चिमटून बघितला. वन्संचे खरे होते. दोन चेंडू सारखे नव्हते. काही फोफशे, काही ताठर, काहींची शिवण उसवून फुगलेली, काही एका अंगाने बसके. एकाचे माप घ्यावे तर दुसरा रुसणार. फट रुंद केली तर मऊ चेंडू गळून पडणार, अरुंद केली तर कडक अडकणार. तिने मनात म्हटले, हे चेंडू नव्हेत, ही वृद्धाश्रमातली जेवणाची पंगत आहे. प्रत्येकाची तक्रार वेगळी.

तेवढ्यात मालकाने एक तातडीची कवळी पुढे सरकवली. तिने ती हत्यारावर चढवली. हे हत्यार म्हणजे पितळेचा एक छोटा जबडाच. वरचे दात वरच्या पट्टीवर, खालचे खालच्या पट्टीवर बसवायचे, मागे बिजागरी, आणि हाताने उघडमीट करून दात एकमेकांना कुठे भिडतात ते बघायचे. तिने आयुष्यात तो पितळी जबडा असंख्य वेळा मिटला होता. आज तो अर्धवट मिटताना तिचा हात थबकला. वरचा जबडा हलत नाही. हलतो तो खालचा. माणसाने मऊ खाल्ले तर तो कमी उघडतो, कडक खाल्ले तर जास्त, आणि त्यासाठी कुणी घासाचे आधी माप घेत नाही.

"कवळीबाई, तंद्री लागली का?" मालकाने विचारले. "त्या म्हाताऱ्याला संध्याकाळी जेवायचंय."

"जेवू दे," ती म्हणाली, "सगळेच जेवतील आता."

तिने यंत्राचे वरचे चाक जिथल्या तिथे राहू दिले. खालचे चाक मोटारीसकट एका बिजागरीवर घेतले आणि दार आपोआप लागावे म्हणून बसवतात तसली एक दणकट स्प्रिंग खाली लावून ते वर दाबून धरले. फट जाणूनबुजून फार अरुंद ठेवली. आता चेंडू आला की खालचे चाक त्याच्यापुरते मागे सरे. ताठर चेंडूला जास्त जागा देई, फोफशाला कमी, आणि दाब मात्र दोघांवरही ठेवी. खाचेतले ते सुबक अस्तर तिने खरवडून काढले, कारण त्यावर अजून दुकानातल्या चेंडूची गोलाई होती. त्याऐवजी साधे, सपाट, जाडसर अस्तर लावले. दिसायला यंत्र पहिल्यापेक्षा ओबडधोबड झाले. चालू केल्यावर त्याचा खालचा जबडा किंचित थरथरे.

"हे बोलणार आहे असं वाटतं," नवरा म्हणाला. या वेळी त्याने उशा दोन घेतल्या होत्या.

शनिवारी सकाळी वन्सं किल्ली घेऊन निघाल्या तेव्हा कवळीबाई घरात नव्हती. कोर्टाच्या फाटकाशी आल्यावर त्यांना मोटारींची घरघर ऐकू आली.

"पुन्हा?" त्यांनी आत येत विचारले. "अगं, ड्रायव्हरसाहेबांचा तरी विचार कर. घरी वाट बघणारी माणसं आहेत त्यांना."

"एकदाच बघा, वन्सं. मग किल्ली द्या."

बास्केटमध्ये टकले चेंडूच होते. पहिला घरंगळला, खालचा जबडा जरासा दबला, वर आला, आणि चेंडू जाळ्यावरून कमान घेत ड्रायव्हरसाहेबांच्या पुढ्यात पडला. त्यांनी तो दचकून परतवला. दुसरा थोडा आखूड पडला. तिसरा लांब. चौथा, तो आतून ओला असलेला, चाकांमध्ये कुरकुरला खरा, पण जाळे ओलांडून गेला.

कवळीबाई एकेका चेंडूगणिक हिरमुसत होती. "सगळे एकाच जागी पडत नाहीत, वन्सं. अंगणात नव्या चेंडूंनी..."

"एकाच जागी पडायला ड्रायव्हरसाहेब काय खांब आहेत? पळू दे की त्यांना!" वन्सं म्हणाल्या, आणि बोलून झाल्यावर आपण ओरडलो हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी शाल बाकावर टाकली.

आजवर त्यांची उभी राहायची जागा ठरलेली होती: जाळ्याच्या पलीकडे, गाड्याशेजारी. तिथे आता यंत्र होते, तार होती आणि मध्ये कवळीबाई होती. त्यांना तिथे उभे राहायला जागाच नव्हती. म्हणून त्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि ड्रायव्हरसाहेबांच्या मागे, थोड्या तिरक्या उभ्या राहिल्या. एक चेंडू आला. दुसरा आला. कवळीबाईने जाळ्याआडून बघितले तर वन्सं खाली, जमिनीकडे टक लावून बघत होत्या.

"थांब," त्या म्हणाल्या.

कवळीबाईने बटण बंद केले. तिला वाटले, झाले.

"ड्रायव्हरसाहेब, तुमच्या टाचा."

"काय झालं टाचांना?"

"उचलत नाही तुम्ही. दोन्ही टाचा जमिनीला चिकटलेल्या आहेत. कधीपासून असं खेळताय?"

"पहिल्यापासूनच, बाई."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुम्हाला दिसतंय."

वन्संनी पुन्हा एकदा त्या टाचांकडे बघितले. कवळीबाईला त्या बघण्याचा अर्थ कळला, कारण नुकतीच तीही टकल्या चेंडूंकडे तसेच बघत बसली होती. समोरून, हाताशी गाडा, नजर पुढच्या चेंडूवर, अशा वेळी शिकणाऱ्याची रॅकेट दिसते, चेहरा दिसतो. टाचा दिसत नाहीत. इतकी वर्षे वन्संनी सगळ्यांना समोरूनच पाहिले होते.

"बस चालवताय का तुम्ही?" वन्संचा आवाज कोर्टभर घुमला. "पाय ब्रेकवरच! उचला! चेंडू सुटला की टाच वर! टाक गं!"

कवळीबाईने बटण दाबले. ड्रायव्हरसाहेब पंजांवर उठले, डुलले, पुढे गेले आणि त्यांनी चेंडू असा काही मारला की स्वतःच रॅकेटकडे बघत राहिले.

"असं!" वन्सं म्हणाल्या. "आणि हात इथून असा वर..." दाखवायला त्यांचा उजवा हात उठला, खांद्याच्या उंचीपर्यंत आला आणि तिथेच अडला. त्यांनी तो खाली घेतला नाही. पुढचा उरलेला भाग त्यांनी डाव्या हाताने हवेत काढून दाखवला, एका हाताने सुरू केलेले वाक्य दुसऱ्याने पुरे करावे तसा. ड्रायव्हरसाहेबांनी मान डोलावली. त्यांना पूर्ण फटका दिसला होता.

रखवालदार फाटकाशी येऊन खोळंबला. "बाई, किल्ली देताय ना?"

"खेळ चाललाय, दिसत नाही का?" वन्संनी वळूनही पाहिले नाही. "आणि मंडळींना सांग, सोमवारी न्हाव्याला बोलावलंय मी. त्याच्याही टाचा बघायच्यात."

ऊन चढेपर्यंत हे चालले. बास्केट रिकामी झाली की ड्रायव्हरसाहेब आणि कवळीबाई वाकून वाकून चेंडू गोळा करत, आणि वन्सं बाकावर बसून कोण कसे वाकते यावर बोलत. शेवटी यंत्राने गरम होऊन नापसंतीचा वास सोडला तेव्हा सगळे थांबले. कवळीबाई बिजागरीत तेल सोडत होती, वन्सं शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी बोटाने खालचे चाक दाबून बघितले. ते दबले, आणि बोट काढताच वर आले.

"हे कसं सुचलं?"

"जबडा आहे तो, वन्सं. म्हातारपणी सगळ्यांचा असाच होतो."

"माझ्याकडे बघून सुचलं म्हण ना."

"तुमचा जबडा अजून तरणाताठा आहे. कित्येक महिने ऐकलाय मी तो."

वन्सं मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, "उद्या माझं सामान हलवायला आमच्या भावाला सांग. माझ्या खोलीवर जाते. भांडं उचलता येतं आता मला."

कवळीबाईने मान हलवली. हे हवे होते, आणि ते मिळताना तिने तेलाची बाटली उगीचच दोनदा पुसली. मग तिने मनात ठरवून ठेवलेली गोष्ट सांगितली. "पायाने दाबायचं बटण आणलंय मी. लांब तार लावून तुमच्या बाजूला ठेवते. म्हणजे तुम्ही शिकवता शिकवता पायाने चेंडू सोडू शकाल. इथे कुणी उभं राहायची गरजच नाही."

"नको."

"अहो, सोपं आहे. मला प्रयोगशाळेत जावं लागतं. रोज सकाळी..."

"प्रयोगशाळा उघडायच्या आधी येता येतं की नाही?"

"येतं. पण कशाला?"

वन्संनी गाड्यातून एक टकला चेंडू उचलला, डाव्या हातात दाबून पारखला आणि बास्केटमध्ये टाकला. "मी त्या बाजूला उभी राहणार. इथे कुणी नसलं तर मी ओरडू कुणावर? यंत्राला कळत नाही. ड्रायव्हरसाहेबांना सारखं बोललं तर ते घरी जाऊन बायकोला सांगतात. तू इथेच उभी राहा."

सोमवारी सकाळी नवऱ्याने स्वतःचा चहा स्वतः केला आणि तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, पाठीचा कणा मनसोक्त वाकवून बसला. कवळीबाई तोपर्यंत कोर्टावर पोहोचली होती. पायाचे ते बटण तिच्या पिशवीत होते. तिने ते बाहेर काढले नाही. पलीकडे न्हावी पंजांवर उभा राहायचा प्रयत्न करत होता, ड्रायव्हरसाहेब त्याला आपल्या अनुभवाचे बोल ऐकवत होते, आणि त्या दोघांच्या मागे वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"कवळीबाई! लक्ष कुठंय तुझं? कोपर आत घे, बटण दाबायलाही कोपर लागतं! हं, टाक!"

तिने कोपर आत घेतले आणि चेंडू सोडला.